जास्तीची यादी

आमच्या कॉलेजात विद्यार्थ्याचं शिक्षण बास्केटमध्ये भरत असत. हे मी थट्टेनं म्हणत नाही, माहितीपत्रकातच तसं छापलेलं होतं. मुख्य विषयाची बास्केट, दुय्यम विषयाची बास्केट, मूल्यशिक्षणाची वेगळी, ज्ञानपरंपरेची वेगळी, आणि ज्यात नक्की काय टाकायचं ते छापणाऱ्यालाही ठाऊक नसावं अशी एक खुल्या विषयांची बास्केट. प्रत्येकीत ठरलेली क्रेडिट पडली की तीन वर्षांनी माणूस पदवीधर होतो. मला केमिस्ट्री शिकायची होती. बारावीला प्रयोगशाळेत पहिल्यांदा निळं द्रावण रंगहीन झालेलं पाहिलं तेव्हापासून तेवढं एकच डोक्यात होतं. पण नुसती केमिस्ट्री शिकलेलं माणूस अर्धवट राहतं असं वरून कुणीतरी ठरवलं होतं, आणि मला पूर्ण करायची जबाबदारी कॉलेजवर पडली होती.

खुला विषय दुसऱ्या शाखेतला घ्यावा लागे. मला अर्थशास्त्र हवं होतं. फॉर्म सकाळी दहाला उघडणार होता. साइट बाराला उघडली आणि तोवर अर्थशास्त्र भरलेलं होतं. साइट बंद असताना ते कुणी भरलं हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मी तडक ऑफिसात गेले. तीन नंबरच्या खिडकीमागे हेडक्लार्क बसायचे. शांत गृहस्थ. खिशाला निळं पेन, त्याला लाल टोपण. आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे भांडायला गेलेल्याची फार पंचाईत व्हायची.

"सर, खुला विषय म्हणजे आपल्या आवडीचा ना?" मी विचारलं.

"असं बघा," ते म्हणाले, "विषय खुला आहे. जागा बंद आहेत."

शेवटी मला 'पर्यटन व्यवस्थापनाची ओळख' मिळालं. शनिवारी सकाळी साडेसातला तास. मी तेव्हा रत्नागिरीत मांडवीला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होते. शनिवारी सकाळी त्या दोघी ढाराढूर झोपलेल्या असायच्या आणि मी समुद्राकडे पाठ करून पर्यटन शिकायला निघायची. शिकवणाऱ्या बाई तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन, सुट्टीत काही नाही. तरी त्या असा जीव ओतून शिकवायच्या की मला त्यांचा राग येई. "पर्यटक कोणाला म्हणावं?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आमच्याकडे जो गणपतीपुळ्याच्या पाटीखालीच गाडी उभी करून गणपतीपुळ्याचा रस्ता विचारतो त्याला पर्यटक म्हणतात. मी तसं उत्तर दिलं. बाई हसल्या आणि त्यांनी ते फळ्यावर लिहूनही घेतलं, म्हणून मी आणखीच चिडले.

मग प्रकल्प आला. गणपतीपुळ्याला जाऊन तीस पर्यटकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. मी पुठ्ठ्याला कागद लावून किनाऱ्यावर उभी राहिले. पहिल्याच कुटुंबानं मला विचारलं, "उंटाचे किती?" मी सांगितलं, मी सर्वेक्षण करते आहे. त्यांच्या मुलानं उंट नाही हे ऐकून भोकाड पसरलं. एका काकांनी प्रश्नावली भरायचं कबूल केलं, पण ते आणि त्यांचं कुटुंब पाण्यातून बाहेर येईपर्यंत मी त्यांच्या चपला सांभाळायच्या या अटीवर. सात माणसं होती. विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी चौदा चपलांची राखण करत वाळूत उभी आहे, आणि यातून आपण परिपूर्ण नागरिक होणार आहोत, असा विचार करत मी तास काढला. उंटावरून शेळ्या हाकणारे कॉलेजात बसलेले असतात आणि शेळी होऊन उन्हात आपण उभं राहायचं असतं.

खरं सांगायचं तर तीसपैकी बावीस प्रश्नावल्या मी प्रामाणिकपणे भरून घेतल्या. उरलेल्या आठ खोलीवर बसून तीन निरनिराळ्या पेनांनी मीच भरल्या. एकदा नागपूरची शिक्षिका झाले, एकदा बोरिवलीचे निवृत्त गृहस्थ. सगळं एकत्र बांधून, स्कॅन करून पोर्टलवर चढवलं. पन्नासपैकी एकेचाळीस गुण पडले, बाई म्हणाल्या, "तुझ्याकडे निरीक्षण आहे हं," आणि तो विषय मी डोक्यातून पुसून टाकला.

तो परत उगवला शेवटच्या वर्षीच्या मे महिन्यात. परीक्षा झाल्या होत्या. एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा मी पास झाले होते, केमिस्ट्रीचीच जागा मिळाली होती, फक्त निकाल नेऊन दाखवायचा होता. आणि एका गुरुवारी सूचनाफलकावर 'क्रेडिट अपूर्ण असलेल्या विद्यार्थ्यांची यादी' लागली. त्यात माझा नंबर होता, एकशे सदतीस. खुला विषय, तिसरं सत्र, दोन क्रेडिट कमी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की शनिवारी यादी विद्यापीठाकडे जाईल आणि यादीतल्यांचा निकाल राखून ठेवला जाईल. निकाल नाही तर जागा नाही. जागा गेली की वर्ष गेलं. मला समोरची अक्षरं दिसेनाशी झाली. तीन वर्षं ज्या केमिस्ट्रीसाठी इथे राहिले, ती उंटाच्या किनाऱ्यावरून वाहून चालली होती.

तीन नंबरच्या खिडकीवर रांग होती. माझी पाळी आली.

"सर, मी हा विषय शिकले आहे. एकेचाळीस गुण आहेत मला."

त्यांनी स्क्रीन पाहिला. "शिकला असाल. पण ते पोर्टलला कळायला नको का?"

"बाईंना विचारा ना."

"त्यांच्या तासिका संपल्या. त्या गेल्या. फोन लागत नाही."

"मग गुणांचा कागद?"

"तो सीलबंद असतो. परीक्षा नियंत्रकांच्या सहीशिवाय कपाट उघडत नाही, आणि ते सोमवारी येतील."

"पण यादी शनिवारी जाणार!"

"हो ना," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटल्यासारखं दिसलं. मग त्यांनी मार्ग सुचवला. "तुम्ही असं करा, पुढच्या वर्षी हा विषय पुन्हा घ्या. दोनच क्रेडिट आहेत. पटकन होतील."

तिथून मला विभागप्रमुखांकडे पाठवण्यात आलं, त्यांनी समन्वयकांकडे धाडलं, समन्वयकांनी खिडकी नंबर तीनकडे. संध्याकाळी मी मांडवीच्या कट्ट्यावर बसून घरी फोन लावला. आमचं गाव राजापूरपासून आत. बाबांची थोडी कलमं आहेत, थोडा काजू. मोबाइलला रेंज फक्त वर सड्यावर, कातळाच्या माळावर, आंबे ठेवायच्या खोपटाच्या, म्हणजे मांगराच्या, एका कोपऱ्यात, आणि तिथेही वारा असेल तशी. बाबांचा "हॅलो, काय गो बाय?" ऐकला मात्र, मला रडू फुटलं. मी रडत रडत सांगितलं, "बाबा, माझी बास्केट भरली नाही. दोन क्रेडिट कमी पडलीत. शनिवारपर्यंत भरली नाहीत तर वर्ष जाईल." पलीकडे खरखर झाली. "किती म्हणालीस?" "दोन!" "बरा, बरा. रडू नको तू," एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, साडेदहाला मी पुन्हा खिडकीच्या रांगेत होते. पुढेमागे यादीतलीच मुलं. कुणाचा योग पोर्टलवरून गायब होता, कुणाचं पर्यावरण. तेवढ्यात पोर्चमध्ये गडबड झाली. शिपाईमामा कुणालातरी म्हणत होते, "अहो, हे आत कुठे नेताय? इथे नाही उतरवायचं!" मी मान वळवून पाहिलं. बाबा होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, डोक्यावर पंचाची चुंबळ, चुंबळीवर आंब्याचा निळा प्लॅस्टिकचा क्रेट. दुसरा क्रेट रिक्षावाला घेऊन येत होता. दोन्हींवर गोणपाट नीट बांधलेलं. पहाटेच्या एसटीनं ते निघाले असणार.

बाबांनी क्रेट माझ्या पायाशी ठेवला, घाम पुसला आणि खिडकीकडे बघून हात जोडले. "साहेब, हिच्या नावावर दोन क्रेट कमी होते म्हणे. आणलेत. अढीतला माल हाय, तयार. उद्याच्याला खाऊन टाका, ठेवू नका."

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग रांगेतला एक मुलगा फिसकन हसला, आणि सगळी रांग हसायला लागली.

आंबेवाल्याच्या घरात 'क्रेट' हा शब्द दिवसातून पन्नासदा ऐकू येतो. बागेतून माल क्रेटनं येतो, कॅनिंगला क्रेटनं जातो. त्यात मी बास्केट म्हटलं, भरायची म्हटलं, कमी पडलीत म्हटलं. सड्यावरच्या वाऱ्यात एखादं अक्षर उडून गेलं यात बाबांचा काय दोष? आणि हापूसच्या दिवसांत रत्नागिरीत कामासाठी आंबा मागितला तर त्यात नवल वाटण्यासारखंही काही नाही. हे सगळं मला आज कळतं. त्या वेळी माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर ओरडले, "बाबा, क्रेट नाही हो, क्रेडिट! क्रेडिट! तुम्हाला काही कळत नाही तर कशाला आलात?"

बाबांनी वाकून सुटलेल्या गोणपाटाचं टोक क्रेटखाली खोचलं. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले, आणि तरी मी त्यांच्या मदतीला वाकले नाही.

हेडक्लार्क खुर्चीतून उठले. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच उभं पाहिलं. "अहो, हे आधी इथून हलवा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वर कॅमेरा आहे. मला मधुमेह आहे, मी आंबा खातसुद्धा नाही, पण कॅमेऱ्याला ते कसं कळणार?" मग बाबांकडे पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बाजूचं दार उघडलं. "या, आत बसा. पाणी घ्या. तुमच्या मुलीचा प्रश्न काय आहे तो मी समजावून सांगतो."

त्यांनी तो खरोखरच समजावून सांगितला. क्रेडिट म्हणजे काय, ती कुणाच्या नावावर कशी जमा होतात, आणि माझी दोन कुठे गेली ते दिसत नाही म्हणून इलाज नाही. बाबा पाणी पीत ऐकत होते. मी दाराशी उभी होते. माझ्या मनात एकच, आता हे आणखी काही बोलू नयेत.

"म्हणजे हिनं माल पाठवलान," बाबा म्हणाले, "पण पोचल्याची नोंद नाय."

"अगदी तसंच," हेडक्लार्क म्हणाले.

"मग तो दुसऱ्या कुणाच्या नावावर उतरला असंल."

"ते कसं कळणार?"

"जास्ती कुणाकडं हाय ते बघायचा." बाबा ग्लास ठेवून सरसावून बसले. "आमची पेटी वाशीला जाते ना साहेब, तिथं गाडी उतरताना कधी एखाद्याची पेटी कमी भरते. तो बोंबलतो. पण दलाल त्याच्या थप्पीत शोधीत नाय बसत. तिथं काय मिळणार, तिथं तर ती नायच! तो बघतो कुणाच्या थप्पीत एक जास्ती हाय. पेटी हवेत जात नाय. आणि जास्ती मिळालेला माणूस काय आपणहून सांगायला येत नाय."

हेडक्लार्कांनी पेनाचं लाल टोपण दोनदा काढलं, दोनदा लावलं. "आम्ही फक्त कमी असलेल्यांची यादी काढतो," ते म्हणाले. "जास्तीची यादी काढायची पद्धत नाही."

"आमच्यात पहिली तीच," बाबा म्हणाले.

"पद्धत नाही, पण मनाईही नाही," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी चष्मा चढवला. कीबोर्डवर दोन बोटांनी बराच वेळ काही केलं. स्क्रीनवर नंबर वरखाली झाले. मग ते थांबले. कला शाखेचा एक विद्यार्थी, नंबर एकशे त्र्याहत्तर. त्याच्या खुल्या विषयांच्या बास्केटमध्ये तिसऱ्या सत्राला दोन विषय होते. एक त्यानं घेतलेला. दुसरा, पर्यटन व्यवस्थापनाची ओळख, पन्नासपैकी एकेचाळीस. गुण आणि प्रकल्प नोंदवताना एकशे सदतीसचे एकशे त्र्याहत्तर झाले होते. तीन आणि सात यांनी आपापसांत जागा बदलल्या होत्या आणि दीड वर्ष कुणाची काही तक्रार नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळसा मात्र दुसऱ्याच्या काखेत होता.

"पण हा विषय तुमचाच, याला पुरावा?" हेडक्लार्कांनी मला विचारलं.

"प्रकल्प चढवलाय त्याच्यासोबत, तो उघडा ना सर."

त्यांनी उघडला. पहिल्या पानावर माझं नाव, माझा नंबर, माझं अक्षर. मी भिंतीला टेकले. हेडक्लार्क मात्र कामाला पक्के. ते पान उलटत गेले, एकेक करून तीसही प्रश्नावल्या पाहिल्या. चपलावाल्या काकांची आली, गेली. मग ते सावकाश म्हणाले, "शेवटच्या आठ पर्यटकांचं अक्षर बरंच सारखं दिसतंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"असो," हेडक्लार्क म्हणाले. "घराणं एक असेल." आणि त्यांनी दुरुस्तीची टिपणी स्वतःच्या हातानं लिहायला घेतली.

टिपणीवर तीन सह्या लागल्या. त्या मिळेपर्यंत दुपार झाली. पण त्या दुपारी आणखी एक गंमत झाली. हेडक्लार्कांना जास्तीच्या यादीची गोडीच लागली. रांगेतल्या एकाचा योग दुसऱ्याच तुकडीत सापडला, एकीचं पर्यावरण तिच्याच आडनावाच्या मुलीकडे निघालं. दरवेळी ते "अरे वा" म्हणत आणि बाबांकडे बघत. बाबा व्हरांड्यात क्रेटजवळ बसले होते. माल परत न्यायचा नाही, तयार आंबा एसटीत दबतो, असं म्हणून त्यांनी गोणपाट सोडलं आणि रांगेतल्या पोरांना आंबे वाटायला सुरुवात केली. सकाळी हसलेली तीच पोरं सूचनाफलकाखाली उभी राहून आंबे चोखत होती. शिपाईमामा फरशी चिकट झाली म्हणून कुरकुरत होते, पण त्यांच्याही हातात कोय होती. हेडक्लार्कांनी खाल्ला नाही. एकदा बाहेर येऊन नुसता वास घेतला आणि परत जाऊन बसले.

शनिवारी जी यादी विद्यापीठाकडे गेली तिच्यात एकशे सदतीस नव्हता. आता मी एम.एस्सी. करते आहे, नुसती केमिस्ट्री, दुसरं काही नाही. गुणपत्रिकेवर पर्यटनाची ओळ आहे, दोन क्रेडिट. प्रवेशाच्या वेळी एकानं विचारलं होतं, हा विषय का घेतला म्हणून. मी म्हटलं, आवड होती.

पण सांगायचं होतं ते त्या शुक्रवारच्या संध्याकाळचं. मी बाबांना सोडायला एसटी स्टँडवर गेले. राजापूरची गाडी लागायला वेळ होता. दोन्ही रिकामे क्रेट एकात एक घालून बाबांनी ते पायाशी ठेवले होते. सकाळपासून मनात राहिलेलं मी कसंबसं बाहेर काढलं. "बाबा, मी तुमच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर. माझं चुकलं."

"ता काय," बाबा म्हणाले. "तू जिवाच्या भीतीनं ओरडलीस."

"पण तुम्हाला खरंच वाटलं? कॉलेज मुलांकडून क्रेट मागतं म्हणून?"

बाबांनी पायाशी ठेवलेले क्रेट जरा आत ओढले. "नाय गो. तुझी आई पण म्हणाली, ऐकण्यात काहीतरी चूक हाय. मला पण रात्री तसाच वाटला. पण परत फोन करीन तर रेंज नाय. आणि तू रडत होतीस. कमी पडला म्हणालीस. मग काय कमी पडला ता विचारीत बसू, का माझ्याकडं हाय ता घेऊन येऊ?"

गाडी लागली. ते चढले, खिडकीजवळची जागा धरली, क्रेट मांडीवर घेतले आणि बाहेर वाकून विचारलं, "आता पुरी भरली ना तुझी ती बास्केट?"

"भरली, बाबा," मी म्हटलं. गाडी वळणाआड गेल्यावर मी तिथल्याच बाकावर बसले आणि पुन्हा रडले.